नाव इकू नका, पन कुजू दिऊ नका : तापीकाठच्या एका नावाड्याच्या आठवणीचं प्रकरण

प्रकरण कोणाचं

शिंदखेडा तालुक्यातलं, तापीच्या दक्षिण थडीवरचं गाव. सुलवाडे बॅरेजचा फुगवटा गावाच्या पायथ्याशी येतो. कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे. गावाचं नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. माणसांना नात्यानेच ओळखू या. आप्पा म्हणजे वारलेले वडील. माय. मोठा भाऊ गावातच, थोडी शेती आणि बाकी मजुरी. मधला भाऊ सुरतेत लूमवर, वीस वर्षांहून जास्त काळ. धाकटी ताई जळगावात संसार आणि नोकरी सांभाळते. ती माझी जुनी विद्यार्थिनी. मी धुळ्यात समाजकार्य शिकवते. तिने मला बोलावलं ते दुःख हलकं करायला नव्हे. "मॅडम, आमच्यात नावेवरून बोलणं बंद झालंय," एवढंच ती फोनवर म्हणाली.

वर्गात आम्ही शोकाबद्दल शिकवतो तेव्हा माणसांबद्दल बोलतो, वस्तूंबद्दल क्वचितच. पण घराघरांतली बरीचशी भांडणं वस्तूवर येऊन अडतात. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

आप्पा उताराचे, म्हणजे माणसांना नदीपार नेणारे, नावाडी. नावेचं काम त्यांना वडिलांकडून आलं, आणि त्याच्याबरोबर दोन्ही थड्यांच्या गावांशी जुळलेला व्यवहारही. गावच्या माणसाकडून रोजचे पैसे घ्यायचे नाहीत. सुगी झाली की घरटी ज्वारी-बाजरी यायची, कुठून तूर, कुठून भुईमुगाच्या शेंगा. परगावचा उतारू असेल तरच सुटे पैसे. मुंबई-आग्रा रस्त्यावर सावळद्याला मोठा पूल आहे, पण पायी चालणाऱ्या गावांना तो लांबचा वळसा. त्यामुळे वऱ्हाडं, बाळंतिणी, मास्तर, सायकली, शेळ्या, पेरणीचं बियाणं, सगळं आप्पांच्या नावेतून पार व्हायचं.

उन्हाळ्यात तापी आटून एका कडेला सरकली की वाळूत डांगर-टरबुजाच्या वाड्या लागायच्या. त्या दिवसांत उतारू कमी आणि पाट्या जास्त. वैशाखात पात्रात धार बारीक उरली की आप्पा नाव डोहाजवळच्या उथळ पाण्यात दगड भरून बुडवून ठेवायचे. परगावच्यांना वाटायचं, नाव बुडाली. पण लाकूड कोरडं पडलं की आकसतं, फळ्यांमधले सांधे उघडतात. पाण्यात राहिलं तर फुगून एकमेकांना धरून राहतं. मिरगाच्या आधी नाव बाहेर काढायची, सांध्यांत काथ्या ठासायचा, वरून डांबर फिरवायचं, आणि नारळ फोडून पुन्हा पाण्यात. आषाढ शुद्ध सप्तमीला, तापीच्या जन्मदिवशी, नदीची ओटी भरायला बायका याच नावेतून मधल्या धारेपर्यंत जायच्या.

पुढे जवळच गावांना जोडणारा पूल झाला आणि उतार बंद पडला. मग बॅरेजमुळे पाणी अडलं. पूर्वी जिथे वाळूत चालत जाता यायचं तिथे बारा महिने पाणी राहायला लागलं. काम गेलं आणि पाणी वाढलं, अशी ती विचित्र वेळ होती. ताई सांगते, "आप्पा पुलावर कधी रागावले नाहीत. बाळंतिणीला आता रात्री वाट पाहावी लागत नाही, म्हणायचे." पण सकाळी नाव सोडून एक फेरी मारायची, हे सुटलं नाही. सोबत जाळं असायचं, पण मासळीपेक्षा फेरी महत्त्वाची. घरच्यांनी "आता कशाला?" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "पानी दखं म्हंजे माले बरं वाटस."

त्यांना नदीचं एकंदर भान किती होतं, याचा एक प्रसंग मधल्या भावाने मला दोनदा सांगितला. तापी मुलताईहून निघते, आपल्या तीन जिल्ह्यांतून जाते आणि गुजरातेतल्या उकाई धरणाच्या पुढे सुरतेजवळ समुद्राला मिळते. आप्पांना हे पुस्तकातून नाही, पुरातून ठाऊक होतं. १९६८ च्या पुरात ते ऐन तरुण होते. पावसाळ्यात आकाशवाणी जळगावच्या बातम्यांत वरच्या अंगाच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याचं आलं की आपल्या गावाला पाणी साधारण कधी पोचेल याचा त्यांचा अंदाज तयार असायचा. ऑगस्ट २००६ मध्ये त्यांनी सुरतेला फोन लावून मधल्याला सांगितलं: इथे पाणी मंदिराच्या पायरीला लागलंय, ते तुझ्याकडेच येणार, धान्य आणि कागदपत्रं वरच्या मजल्यावर ने. उकाईतून पाणी सुटलं, सुरत बुडाली. मधल्याच्या खोलीत पाणी शिरलं, पण धान्य, गॅस, पोरांचे दाखले वर होते. पुढचे दिवस त्या चाळीतल्या चार घरांनी त्याच धान्यावर काढले. मधल्याच्या मनातले आप्पा म्हणजे तो फोन.

शेवटची दोन वर्षं आप्पा आजारी होते. नाव अंगणात लिंबाखाली उपडी पडून राहिली. जाण्याआधी काही दिवस ते मोठ्याला म्हणाले: "नाव इकू नका, पन कुजू दिऊ नका." पुढे काही बोलले नाहीत.

अडचण

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा या एका वाक्याचे तीन अर्थ घरात फिरत होते.

मोठ्या भावाला घरकुल मंजूर झालं होतं. जागा एकच, अंगणातली, आणि नाव बरोबर पायाच्या आखणीवर. पहिला हप्ता आला होता, काम सुरू केल्याशिवाय पुढचा येणार नव्हता. त्याचं म्हणणं: विकत नाही, पण कोणा मासेमाराला देऊन टाकू, वापरात राहील, कुजणार नाही. मधल्याचं म्हणणं: गावाच्या तोंडाशी सिमेंटचा चबुतरा बांधायचा, त्यावर नाव ठेवायची, आप्पांच्या नावाची फरशी लावायची. खर्च तो करणार होता. ताईला वाटत होतं की नाव दुरुस्त करून वर्षश्राद्धाच्या दिवशी पाण्यात सोडावी आणि मोठ्याचा मुलगा, चौदा वर्षांचा नातू, याने ती वल्हवावी. भाऊकीतल्या एका ज्येष्ठांनी चौथी वाट सुचवली: नदीची वस्तू नदीला द्या, मधल्या धारेत विसर्जन करा.

तिघांपैकी कोणाचंच प्रेम कमी नव्हतं. मोठ्याने शेवटचं आजारपण एकट्याने काढलं होतं, आणि आता बाहेरगावचे दोघे येऊन ठरवतात हे त्याला लागलं होतं. मधल्याला गावात आपली काही खूण उरावी असं वाटत होतं, कारण त्याचं घर आता सुरतेतच आहे. ताईला आजारपणात हवं तितकं येता आलं नाही, तो सल तिच्या बोलण्यात सारखा यायचा. हे तिन्ही सल नावेवर लादलेले होते. एका रात्री फोनवर मोठा म्हणाला, "तुमले आप्पाना पुळका आता उना." त्यानंतर भावंडांचं बोलणं थांबलं.

पर्याय तपासताना

पहिल्या बैठकीत मी एवढंच मागितलं की कोणता पर्याय चांगला हे ठरवण्याआधी नावेची अवस्था पाहू. सगळे प्रेमाने बोलत होते, पण नाव उलथून तिचा तळ कोणी पाहिला नव्हता.

नाव बांधणारे सुतार आता सहज सापडत नाहीत. मासेमार पत्र्याच्या नाहीतर फायबरच्या होड्या वापरतात. शोधाशोध करून थडीवरचे एक वयस्कर मिस्त्री मिळाले. त्यांनी फळी-फळी टोचून पाहिली. दोन उन्हाळे कोरड्यात काढल्यामुळे सांध्यांतून बोट जात होतं. तळाच्या फळ्या जमिनीच्या ओलीने आणि वाळवीने पोखरल्या होत्या. खिळे गंजून लाकडातच विरघळत चालले होते. बाजूच्या सागाच्या फळ्या आणि बसायची पाटं मात्र घट्ट होती. मिस्त्रींचा निर्वाळा: तळ सगळा नवा घालावा लागेल, तेव्हा ही नाव राहणार नाही, दुसरी होईल. आणि सध्या आहे तशी पाण्यात टाकली तर पाच-दहा मिनिटांत भरेल.

या निर्वाळ्याने दोन पर्याय आपोआप मागे पडले. मासेमाराला ती देता येत नव्हती, आणि नातवाच्या हाती तर मुळीच नाही. इथे आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि मला ती नावेपेक्षा महत्त्वाची वाटली: नातवाला पोहता येत नव्हतं. बॅरेजचं पाणी खोल, म्हणून त्याची आई त्याला काठाला जाऊ देत नसे. तिची काळजी खोटी नाही. पण नावाड्याच्या घरात ही तिसरी पिढी पाण्याला परकी झाली होती, आणि वर्षश्राद्धाच्या चर्चेत हे कोणी उच्चारलंही नव्हतं.

विसर्जनाला मी स्पष्ट विरोध केला. जड लाकडी सांगाडा फुगवट्यात सोडला तर पहिल्या पुरात तो बॅरेजच्या दरवाजांकडे जाणार किंवा कोणाच्या जाळ्यात-होडीत अडकणार. आप्पांनी आयुष्यभर नदीत अडलेले ओंडके काढून पाण्याची वाट मोकळी केली, असं मायच बोलता बोलता म्हणाली होती. भाऊकीतल्या ज्येष्ठांना हे कारण पटलं.

उरला चबुतरा. खानदेशातलं मे महिन्याचं ऊन ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. उघड्यावर ठेवलेलं जुनं लाकूड तडकत जाणार, पावसात भिजणार, पुन्हा तडकणार. वर पत्रा टाकला तरी तळाची वाळवी थांबत नाही. मधल्याला मिस्त्रींनी हे समजावलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आप्पांनी जे नको म्हटलं तेच होईल. गावाच्या तोंडाशी कुजेल."

वळण

इथपर्यंत माय कोपऱ्यात बसून होती. तिला चहा-पाण्यापलीकडे कोणी काही विचारलं नव्हतं, आणि गावाकडच्या रीतीने तीही मध्ये बोलली नव्हती. मी तिला सरळ विचारलं, "माय, आप्पांची ही पहिली नाव का?"

ती म्हणाली, तिसरी. पहिली सासऱ्यांची, ती लग्नानंतर काही वर्षांत गेली. दुसरीचा तळ एका पुरात खडकावर फुटला. दोन्ही वेळा आप्पांनी स्वतः नाव उघडली, चांगल्या फळ्या वेगळ्या काढल्या, काही पुढच्या नावेत घातल्या आणि उरलेल्या घरात. मग ती उठली आणि आम्हाला घर दाखवायला लागली. माळवदावर जायची शिडी. धान्याच्या कोठीचं झाकण. मागच्या दाराची चौकट, तिच्यावर एका रांगेत बुजवलेली खिळ्यांची भोकं. ज्या पाळण्यात तिन्ही मुलं वाढली त्याची पाटी. या तिघांनी आयुष्यभर त्या वस्तू हाताळल्या होत्या. त्या कुठून आल्या हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"नाव कोनी इकत नही," माय म्हणाली. "पयसा लिधा तं लोके म्हनतीन, नदी इकी. नाव उघडतस, लाकूड कामले लावतस."

आप्पांच्या वाक्याचा एवढा साधा अर्थ होता. त्यांच्या मते तो सांगायची गरजच नव्हती, कारण हे काम त्यांच्याबरोबर जिने केलं होतं ती घरातच बसलेली होती. फुटल्या नावेतलं पाणी उपसायला तीच असायची, सुगीचं धान्य मोजून घ्यायलाही तीच. उताराचा अर्धा कारभार तिचा होता. चर्चेत मात्र ती फक्त आप्पांची विधवा होती.

मोठा लगेच तयार झाला, कारण अंगणही मोकळं होणार होतं. ताई रडली, पण तयार झाली. मधला अडून बसला. कुऱ्हाड लावायची हे त्याला सहन होत नव्हतं. "आप्पांना तोडल्यासारखं आहे," तो म्हणाला. त्याला घाईने पटवायचं नाही असं आम्ही ठरवलं. घरकुलाची मुदत होती, म्हणून तात्पुरती सोय एवढीच केली की नाव उचलून शेजारच्या खळ्यात नेली आणि पायाचं काम सुरू झालं. हा छोटा निर्णय बाकी सगळ्यापेक्षा उपयोगी ठरला असं माझं मत आहे. अंगणाचा दबाव गेला आणि माणसं पुन्हा आप्पांबद्दल बोलू लागली.

काय केलं

मधल्याने अट घातली: नाव उघडायची तर आधी ती पूर्ण मोजायची, फोटो काढायचे, आणि खिळे उपटणारा हात घरच्याचा हवा. अट रास्त होती. ताईने आणि नातवाने टेप लावून लांबी, रुंदी, फळ्यांची जाडी, आडव्या लाकडांची अंतरं वहीत उतरवली. मिस्त्री प्रत्येक भागाचं नाव सांगत गेले.

त्याच काळात ताईने दुसरं काम हाती घेतलं. बॅरेजच्या आधीची नदी कशी होती याचा नकाशा. आप्पा असते तर त्यांनी एका बैठकीत सांगितला असता. आता तो माय, जुने उतारू, डांगरवाड्या लावणारे शेतकरी आणि पैलथडीचे दोन म्हातारे यांच्याकडून जोडावा लागला. कोणता डोह किती खोल, भोवरा कुठे, कोणत्या खडकाला काय म्हणत, १९६८ चं पाणी कोणत्या भिंतीपर्यंत आलं, २००६ चं कुठपर्यंत. सगळं एका मोठ्या ड्रॉइंग पेपरवर. म्हाताऱ्यांचं एकमेकांशी जमत नव्हतं तिथे दोन्ही खुणा ठेवल्या. मायने त्यात दोन घाट दाखवले, जे पुरुषांपैकी कोणालाही आठवत नव्हते. बायका धुणं धुवायच्या ती जागा, आणि बाळंतिणीला रात्री चढवायची ती उथळ जागा.

नातवाच्या पोहण्याचा प्रश्न मी सोडला नाही. त्याच्या आईशी वेगळं बोलले. तिची अट: नदीत नाही, आणि ओळखीच्या माणसाशिवाय नाही. मग गावातल्याच एका चुलतकाकाने त्याला विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून शिकवलं. होडीत बसायचं ते लाइफ जॅकेट घालूनच, हे तिथेच ठरलं.

नाव उघडली तेव्हा पहिला खिळा मधल्याने उपटला. तो सुरतेहून एक दिवसाची सुट्टी काढून आला होता. कुजका तळ मिस्त्रींच्या सल्ल्याने जाळला, कारण वाळवी नव्या घरात गेली असती. बाजूच्या फळ्यांपैकी दोन घरकुलाच्या दाराला लागल्या. एका पाटाची घागर ठेवायची चौरंगी झाली. एक फळी चुलतभावाच्या फायबरच्या होडीत बसायचं पाट म्हणून बसवली. वल्ही दोन: एक मायकडे, एक मधल्याबरोबर सुरतेला.

परिणाम

वर्षश्राद्धानंतरच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरात घागर भरली. नव्या चौरंगीवर घागर, तिच्यावर डांगर, सांजोऱ्या, आमरस. मोठा आणि ताई एका पंगतीत जेवले. मधला आला नाही. रजा मिळाली नाही असं त्याने कळवलं, आणि ते खरंही असेल. तापीच्या जन्मदिवशी मात्र तो बायको-मुलांसह आला आणि चुलतभावाच्या होडीतून मायला घेऊन ओटी भरायला गेला. नातू जॅकेट घालून आजीशेजारी बसला होता.

नकाशाची एक प्रत गावच्या शाळेत लावली आहे. तिचा एक अनपेक्षित उपयोग झाला. नदीकाठी शेळ्या नेणारी पोरं जुना भोवरा आणि खोल डोह कुठे आहेत हे आता मास्तरांना विचारतात. पाणी वरून सपाट दिसलं तरी खालची नदी जुनीच आहे.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मोठ्या भावजयीचं म्हणणं आहे की घरकुलाच्या दाराला जुन्या फळ्या लावल्याने मिस्त्रीचा खर्च वाढला, आणि तो कोणी वाटून घेतला नाही. हे खरं आहे. तिघांनी आपसात हिशेब करायला हवा होता, तो राहून गेला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी उणीव आप्पांच्या स्वतःच्या आवाजाची. दोन वर्षं ते घरात झोपून होते, शुद्धीत होते, बोलत होते. मोबाइल सगळ्यांकडे होता. आज त्यांचा आवाज म्हणजे ताईच्या व्हॉट्सॲपवरचा एक छोटा निरोप, ज्यात ते जावयाला येताना बिब्बे आणायला सांगतात. आजारी माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारलं तर त्याला वाईट वाटेल, अशी घरच्यांची समजूत होती. माझा अनुभव उलट आहे. ज्याला पाणी पाहून बरं वाटायचं त्याला पाण्याबद्दल बोलूनही बरं वाटलं असतं.

दुसरं, मायला पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. तसं झालं असतं तर अर्धं भांडण झालंच नसतं. अशा घरांत गेल्यावर आता मी आधी विचारते की हे काम कोणाबरोबर व्हायचं, आणि त्या माणसाला मधोमध बसवते.

तिसरं, नाव पहिल्या पावसाळ्याआधीच विटांवर, सावलीत ठेवली असती तर तळही वाचला असता. आजारपणात हे कोणाला सुचेल असं नाही, पण ज्यांच्याकडे अशी जुनी नाव अजून आहे त्यांनी जरूर करावं: थेट मातीवर ठेवू नये, आणि पाण्याबाहेर फार काळ कोरडी पडू देऊ नये.

मधल्या भावाला अजूनही वाटतं की नाव अख्खी राहायला हवी होती. तो हे माझ्यासमोर बोलला, आणि त्याच्या जागी ते बरोबर आहे. त्याला पटवणं हा आमचा हेतू आता उरलेला नाही. नकाशासाठी ताईने घेतलेल्या ध्वनिमुद्रणांमध्ये २००६ च्या फोनचा उल्लेखच नाही, हे मात्र त्याने लक्षात आणून दिलं. तो प्रसंग त्याने सुरतेत स्वतः बोलून रेकॉर्ड केला आणि पाठवला. नकाशासोबत ठेवलेल्या पेन ड्राइव्हमध्ये ती फाइल आता सर्वांत वर आहे.